आगम आणि लोप : एका ‘अचूकते’ची चिकित्सा

रस्त्याकडेच्या रडार-संवेदकांविषयीच्या लेखनात ‘अचूकता’ हा शब्द फार सैलपणे योजिला जातो. त्यात दोन भिन्न दोष दडलेले असतात : नसलेले वाहन मोजणे व असलेले वगळणे. व्याकरणाच्या परिभाषेत पहिल्यास आगम, दुसऱ्यास लोप म्हणता येईल.

अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ घेऊ. जून २०२२ मध्ये येथे १०५ तास ३३ मिनिटांत एका मार्गिकेचा ७५ कि.मी. डांबरी थर घातल्याचा विक्रम झाला. लांबी स्थिर असते. वाहनांचे तसे नाही. कापसाने लादलेली मालमोटार अलीकडून जाताना पलीकडची दुचाकी तिच्या आड लोपते. संवेदक पुरेसा उंच बसविल्यास ही आड कमी होते. उलट, लोखंडी कठड्यावरून परतलेल्या लहरींमुळे आभासी वाहन उमटते. एक आगम, एक लोप. बेरीज मात्र बिनचूक!

वेगमापकाचा कोनदोष गणिताने सुधारतो : २० अंशांच्या कोनातून ताशी १०० कि.मी.चा वेग ९४ दिसतो. लोपलेली दुचाकी मात्र कोणत्याही गुणकाने परत येत नाही, आणि रस्त्यावर सर्वांत असुरक्षित तीच. म्हणून संवेदकाची उंची, अंतर व कोन सांगून दोन्ही दोष पृथक् नोंदल्याशिवाय ‘अचूकता’ हा शब्द स्वीकारू नये.