कसोटी कोण ठरवतो?

उद्याच्या संगणक-जाळ्यांवरील संशोधनाला सरकार पैसा देते, तेव्हा आपल्याकडे चर्चा होते ती बहुधा रकमेची. इतके कोटी मंजूर झाले, इतक्या संस्था सामील झाल्या. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. नवे जाळे उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवणारी प्रश्नपत्रिका कोणी काढली? आणि आपला पैसा ती निघण्यापूर्वी पोचला की नंतर?

आधी पोचला की काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. 1986 साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या आठ सहभागींपैकी दोन मुंबईचे होते: जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी. त्या काळी टीसीपी-आयपी आणि ओएसआय या दोन पद्धतींपैकी कोणती टिकेल, याचा जगभर वाद होता. अर्नेटने दोन्ही चालवून पाहिल्या. जाळे बांधणारे, वापरणारे आणि बिघडल्यावर दुरुस्त करणारे एकच लोक होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते जाणणारी माणसे देशात नऊ वर्षे तयार होत होती.

आता अलीकडचा दाखला घेऊ. मार्च 2018 मध्ये दूरसंचार विभागाने स्वदेशी 5जी चाचणी-जाळ्यासाठी 224 कोटी रुपये मंजूर केले. त्यात आठ संस्था होत्या, पवईची आयआयटीही होती. हेतू चांगला होता. पण 5जीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा पहिला पूर्ण मसुदा जून 2018 मध्येच गोठवला गेला. आपल्या चाचणी-जाळ्याचे उद्घाटन झाले 17 मे 2022 रोजी आणि देशात 5जी सेवा सुरू झाली 1 ऑक्टोबर 2022 रोजी. म्हणजे जाळ्याची रचना ठरल्यावर चार वर्षांनी आणि सेवा सुरू होण्याआधी साडेचार महिने चाचणीची सोय झाली. देशी कंपन्यांना आपली उपकरणे तपासायला ती उपयोगी पडते, हे मान्य. पण तिथे तपासली जाते ती दुसऱ्यांनी ठरवलेल्या रचनेशी आपली जुळणी. भविष्याची रचना करणे हे काम वेगळे.

ते काम आपल्याला जमतच नाही, असेही नाही. ग्रामीण भागासाठी 5जीच्या कसोटीत दोन मनोऱ्यांमधले अंतर सुमारे 1.7 किलोमीटर धरले होते. भारतीय दूरसंचार मानक संस्थेने, म्हणजे टीएसडीएसआयने, आग्रह धरला की आपल्याकडे मनोरा ग्रामपंचायतीच्या गावी उभा राहील आणि भोवतीच्या वाड्यांना तिथूनच सेवा द्यावी लागेल. तेव्हा 6 किलोमीटर अंतराचीही कसोटी हवी. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ही कसोटी ग्रामीण चाचणीत अनिवार्य केली. त्यावर आधारलेल्या ‘5जीआय’ या स्वतंत्र मानकाला मोबाइल कंपन्यांनी खर्चाच्या कारणाने विरोध केला आणि ते पुढे मुख्य मानकात विलीन झाले. तरीही प्रश्नपत्रिकेतला तो एक प्रश्न आपला होता, आणि उत्तर साऱ्या जगाला द्यावे लागले.

असे प्रश्न प्रत्यक्ष जमिनीवर सापडतात. आमच्या तारोडीपासून वसईची खाडी ओलांडली की पालघर जिल्हा लागतो. तिथल्या खामलोली, बहाडोली, मासवण अशा सात गावांत आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात वेगळी चाचणी घेतली. दूरदर्शनच्या न वापरलेल्या वाहिन्यांच्या लहरींवरून गावांना इंटरनेट देता येईल का? या लहरी झाडाझुडपांतून दूरवर जातात. त्याच गटाच्या अभ्यासानुसार त्या पट्ट्यातल्या 15 पैकी किमान 12 वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र मोकळ्या होत्या. चाचणीत इंटरनेट गावांत पोचले. मात्र परवाना होता प्रयोगापुरता. हा पट्टा परवानामुक्त झाला नाही आणि पंचवीस गावांपर्यंतच्या विस्तारात वायफायच्या 5.8 गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा आधार घेतला गेला. प्रयोगाला पैसा देणारे सरकारच, लहरींचे मालकही सरकारच. पण प्रयोग यशस्वी झाला तर नियम बदलायचा की नाही, हे आधी कोणी ठरवलेच नव्हते. या अनुभवातून पुढे आलेली स्वस्त ग्रामीण जाळ्याची कल्पना 2024 मध्ये आयईईईचे 2061 क्रमांकाचे मानक झाली. मानक जागतिक झाले, पण त्या लहरी पालघरला मिळाल्या नाहीत.

6जीच्या कसोट्या सध्या ठरत आहेत. दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधी 2022 पासून अस्तित्वात आहे, म्हणजे पैशाची वाट बंद नाही. मागणी दोन गोष्टींची करायला हवी. पहिली, मानक गोठण्यापूर्वी खेड्यापाड्यांत, खाडीकाठी, डोंगरवाड्यांत चाचण्या व्हाव्यात आणि त्यांचे अपयशही छापले जावे. दुसरी, निधीच्या करारातच लिहावे की चाचणी यशस्वी ठरली, तर लहरींच्या नियमाचा फेरविचार अमुक मुदतीत होईल आणि नकार दिला तर त्याची कारणे जाहीर होतील. एवढे झाले नाही, तर पुढचे उद्घाटनही थाटात होईल आणि आपण पुन्हा दुसऱ्याच्या प्रश्नपत्रिकेची उत्तरे लिहीत बसू.