हाताची साक्ष : जेम्स टायलर यांचे गिटार-संशोधन

टॅब्लेचर ही स्वरांची लिपी नव्हे, बोटांची लिपी होय. कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवावे एवढेच ती सांगते. त्यातून कोणता स्वर निघेल हे वाद्याला तारा कशा बांधल्या आहेत यावर ठरते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहिला जात नाही. तो वाचकाला भाषेच्या ज्ञानाने भरून काढावा लागतो. सतराव्या शतकातील पाच जोड-तारांच्या गिटारसाठी लिहिलेले संगीत वाचणाऱ्याची स्थिती याहून अवघड आहे, कारण येथे त्या भाषेचे बोलणारेच उरलेले नाहीत. जेम्स टायलर (१९४०–२०१०) यांच्या संशोधनाचे मोल याच संदर्भात ठरवावे लागते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात जन्मलेल्या टायलर यांनी वॉल्टर के बाउर यांच्याकडे मॅन्डोलिन व बँजो आणि जोझेफ आयाडोन यांच्याकडे ल्यूट यांचे शिक्षण घेतले. १९६९ नंतर लंडनमध्ये डेव्हिड मन्‌रो यांच्या आणि ज्युलियन ब्रीम यांच्या वादकवृंदांत ते वाजवीत. १९८६ पासून दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्राचीन संगीताचे अध्यापन केले. चरित्राचा एवढा तपशील पुरेसा आहे. मात्र त्यातील बँजो नजरेआड करू नये. पाच तारांच्या बँजोत अंगठ्याजवळची तार सर्वांत उंच स्वराची असते. तारांचा क्रम म्हणजे स्वरांचा क्रम, हा समज ज्या वाद्यावर टिकत नाही त्याच्याशी परिचित असलेला वादक जुन्या गिटारकडे निराळ्या कानाने वळला असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

कारण वाद नेमका तेथेच आहे. जुन्या गिटारच्या चौथ्या आणि पाचव्या जोडीत खर्जाची जाड तार असावी की दोन्ही तारा वरच्या सप्तकातील असाव्यात? खर्ज काढून टाकल्यास तिसरी जोडी सर्वांत खालच्या स्वराची होते. मग स्वरपंक्तीतील प्रत्येक स्वर निराळ्या तारेवर घेता येतो आणि घंटांप्रमाणे ते स्वर एकमेकांत मिसळतात. स्पॅनिश लोक यासच ‘काम्पानेला’ म्हणत. तीच अक्षरे खर्ज लावून वाचली, तर मधलेच स्वर एका सप्तकाने खाली कोसळू शकतात. गास्पार सान्स यांनी १६७४ मध्ये दोन्ही पद्धती नोंदविल्या आहेत : कल्लोळाच्या साथीसाठी खर्ज, नाजूक वादनासाठी रोममधील उस्तादांप्रमाणे केवळ बारीक तारा.

टायलर यांनी १९८० च्या ‘द अर्ली गिटार’मध्ये आणि पॉल स्पार्क्स यांच्यासह २००२ मध्ये लिहिलेल्या ‘द गिटार अँड इट्स म्युझिक’मध्ये या प्रश्नाला सरसकट उत्तर दिले नाही. रचनाकारागणिक तार-योजना शोधावी, ही त्यांची भूमिका होती. ती निःसंशय योग्य आहे. आजच्या सहा तारांच्या गिटारवर सान्स यांच्या रचना उतरवून घेणाऱ्यांनी जे सपाटीकरण केले, त्याला इतके समर्थ उत्तर दुसरे नाही. शिवाय मूळ ग्रंथांच्या विस्तृत याद्या देऊन त्यांनी वाचकाला आपले विधान पडताळण्याची सोय करून दिली, ही गोष्ट वादक-लेखकांत विरळाच.

तथापि जेथे रचनाकार स्वतः बोलतो आणि जेथे तो मौन पाळतो, या दोन स्थळी टायलर यांच्या निष्कर्षांचे वजन सारखे मानता येत नाही. फ्रांचेस्को कोर्बेत्ता यांनी १६७१ च्या पुस्तकात चौथ्या जोडीविषयी सूचनाच दिली आहे. तेथे वाद उरत नाही. मौनाच्या ठिकाणी मात्र हातच साक्षीदार होतो : अमुक पद्धतीने वाजविल्यास चाल सरळ चालते, म्हणून रचनाकाराची पद्धत तीच. चालीचा सरळपणा हा आजच्या कानाचा निकष आहे. सप्तकाची उडी सतराव्या शतकातील श्रोत्याला खटकत होती, हे आधी सिद्ध करावे लागेल. आणि जोडीतील एक तार खर्जाची, दुसरी वरची असल्यास दोन्ही स्वर एकदमच ऐकू येतात व अंगठ्याच्या फटक्याने त्यांतील एक उठावदार करता येतो, ही शक्यताही वगळावी लागेल. नंतरच्या अभ्यासकांचे मतभेद प्रामुख्याने याच ठिकाणी आहेत.