बलहीनतेचे इंग्रजी शब्द आणि येवल्याची परिषद

इंग्रजीत बलहीनतेचे शब्द पुष्कळ आहेत, आणि आपले द्विभाषिक कोश ते बहुधा एकाच ओळीत बसवितात. 'दुर्बल' या शब्दापुढे वीक, फीबल, फ्रेल, इन्फर्म असे चार पर्याय स्वल्पविराम घालून मांडले की कोशकाराचे काम संपते; भाषांतरकाराचे तेथून सुरू होते. यांतील कोणता शब्द केव्हा घ्यावा हा प्रश्न वरवर पाहता शैलीचा दिसतो. परंतु अशा शब्दांनी जेव्हा एखाद्या मनुष्यसमूहाचे नाव ठरते तेव्हा तो निव्वळ शैलीचा राहत नाही. नाशिक जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जी परिषद भरली, तिचा विचार या दृष्टीने करण्याजोगा आहे.

प्रथम नेहमीचे चार शब्द पाहू. 'वीक' हा त्यांतला सर्वांत सरसकट शब्द. वाकणारा, नमणारा हा त्याचा मूळ भाव असून जर्मन भाषेतील 'मऊ' अर्थाचा 'वाइख' हा त्याचा सगोत्र होय. त्याची व्याप्ती मोठी असल्यामुळे मराठीत त्याला एक प्रतिशब्द पुरत नाही : चहा फिका, वासा कमकुवत, विद्यार्थी गणितात कच्चा, आणि तापातून उठलेला मनुष्य अशक्त. 'फीबल'चे मूळ लॅटिन 'फ्लेबिलिस' हे आहे. ज्याच्याकडे पाहून रडू यावे तो. हा कीवेचा अंश आजही त्या शब्दातून गेलेला नाही, मात्र कीव आणि तुच्छता यांमधील अंतर थोडे असल्याने 'फीबल' सबब म्हणजे आपली लंगडी सबब झाली. 'फ्रेल' आणि 'फ्रॅजाइल' हे दोन्ही शब्द एकाच 'फ्रॅजिलिस'पासून निघाले; 'फ्रेल' मनुष्य मोडलेला नसतो, मोडेल अशी धास्ती असते. येथे 'नाजूक' लिहिणारे भाषांतरकार पुष्कळ आढळतात. तो शब्द फुलाला आणि नवयौवनेला शोभतो, ऐंशी वर्षांच्या आजीला नव्हे. तिची प्रकृती तोळामासा असते. 'इन्फर्म'मध्ये स्थैर्याचा अभाव आहे, म्हणून तो वार्धक्याला लागतो आणि 'मॅक्बेथ'मध्ये लागला आहे तसा डळमळीत संकल्पालाही लागतो.

या चौघांत छटांचा भेद असला तरी एका गोष्टीत ते सारखे आहेत. बल नाही एवढेच ते सांगतात. ते कोणी काढून घेतले, हे विचारण्यास जागा ठेवीत नाहीत. याउलट 'डिप्रेस्ड', 'सप्रेस्ड', 'ऑप्रेस्ड', 'ब्रोकन' ही भूतकाळवाचक कर्मणि धातुसाधिते आहेत. दाबलेला म्हटले की दाबणारा कोण, हा प्रश्न वाक्यात उभा राहतोच. संस्कृतातील क्त-प्रत्ययाचेही हेच कार्य आहे. 'दुर्बल' आणि 'निर्बल' हे समास स्थिती सांगतात. 'बहिष्कृत' आणि 'दलित' कृती सांगतात. 'दलित'मधील 'दल्' धातू आपल्या 'दळणे' या क्रियापदात अजून जिवंत आहे, आणि जात्यावर कोणी बसल्यावाचून दळण होत नाही.

आता इतिहासाकडे वळू. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' स्थापिले; त्याचे मराठी नाव 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. ही निवड विचार करण्यासारखी आहे. 'डिप्रेस्ड'मधील दाबणारा हात 'निराश्रित'मध्ये राहिला नाही, त्याच्या जागी आश्रयाचा अभाव आला. ज्याला आश्रय नाही त्याला आश्रय देणारा पाहिजे, एवढेच त्या नावातून निष्पन्न होते. शिंदे यांच्या कार्याची थोरवी यामुळे कमी होत नाही. प्रस्तुत आक्षेप शब्दापुरता आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या आंबेडकरांच्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पत्राचे नाव 'बहिष्कृत भारत'. या नावांत बहिष्कार घालणारा अनुच्चारित असला तरी हजर आहे.

एवढ्यावरून 'कर्त्याची आठवण देणारा शब्द चांगला' असा नियम बांधण्याचा मोह होतो. पण तो टिकत नाही, आणि तो मोडण्याचे काम खुद्द आंबेडकरांनीच केले आहे. गोलमेज परिषदेपुढे नोव्हेंबर १९३१ मध्ये त्यांनी व रावबहादुर श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन सादर केले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' या नावावरच हरकत घेतली असून ते हीनतादर्शक आणि तिरस्कारदर्शक ठरविले आहे. व्याकरणदृष्ट्या ज्या शब्दात दाबणाऱ्यावर आरोप आहे तो शब्द दाबलेल्यालाच अपमानकारक का वाटावा? माझ्या मते याचे उत्तर शब्दांच्या झिजेत आहे. धातुसाधित विशेषण सरकारी कागदात वर्षानुवर्षे फिरले म्हणजे त्यातील क्रिया थिजते आणि ती त्या माणसाच्या अंगचा गुण भासू लागते. शिवाय 'डिप्रेस्ड'चा 'खिन्न, खचलेला' हा अर्थ इंग्रजीत प्रबळ आहे. ऐकणाऱ्याला दाबणारा हात दिसेनासा होतो, खाली गेलेली मान तेवढी दिसते.

त्या निवेदनाने सुचविलेले पर्याय अधिक बोलके आहेत : 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू'. पहिला निषेधवाचक आहे, पण पुढील दोहोंत हा समूह कर्माच्या विभक्तीतून निघून कर्त्याच्या जागी आला आहे. तो निषेध करतो, तो रूढी मान्य करीत नाही. बलहीनतेच्या शब्दांच्या पंक्तीतून उठून जाण्याचाच हा प्रयत्न होय. सरकारने हे पर्याय घेतले नाहीत. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे नाव आले. ते अपमानकारक नाही, पण अर्थवाहकही नाही. ज्यांची नावे एका परिशिष्टात लिहिली आहेत त्या जाती, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्यास संमती मिळाल्यावर दोनच महिन्यांनी येवल्याची परिषद झाली. हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, हिंदू म्हणून मरणे मात्र आपण पत्करणार नाही, या आशयाची घोषणा तेथे झाली आणि नाशिकचा १९३० पासूनचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह थांबविण्याचा विचारही तेथेच मांडला गेला. या घोषणेचा राजकीय आणि धार्मिक विचार पुष्कळ झाला आहे. तिचा शब्ददृष्ट्या विचार कमी झाला आहे. १९३१ च्या तिन्ही पर्यायांत विशेषण बदलले होते, 'हिंदू' हे नाम कायम होते. येवल्यास नामच सोडले गेले. विशेषण कितीही बदलले तरी ज्या नामाला ते लागते त्या नामातच दुर्बलतेचे कारण असेल तर काय उपयोग, हा त्यामागील तर्क दिसतो. आणि 'हाती नव्हते' व 'हाती आहे' हा घोषणेतील विरोध बलाचाच आहे.

राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदात हा प्रश्न निराळ्या रूपाने परत येतो. इंग्रजी पाठात 'वीकर सेक्शन्स' आहे, मराठी पाठात 'दुर्बल घटक'. 'वीकर' हे तुलनावाचक रूप आहे. कोणापेक्षा दुर्बल, हे त्यात अध्याहृत राहते, आणि तुलना आली की दुसरा पक्षही आला. मराठीत तर-प्रत्यय बोलण्यात नाही आणि 'अधिक दुर्बल' म्हटले तर अर्थ भलताच होतो, तेव्हा भाषांतरकाराची अडचण खरी आहे. तथापि जे गळले ते गळलेच. सुदैवाने त्याच अनुच्छेदाच्या उत्तरार्धात सामाजिक अन्याय व सर्व प्रकारचे शोषण यांपासून संरक्षण देण्याची आज्ञा आहे, आणि तेथे तो लपलेला कर्ता पुन्हा प्रकट होतो. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात दुर्बलतेचे एक अंग वेगळे काढले गेल्याने 'दुर्बल' हा शब्द अधिकच स्थितिवाचक झाला आहे. विद्यार्थ्यांनी हे दोन प्रयोग एक समजू नयेत.

राहिला 'ब्रोकन'. आंबेडकरांच्या १९४८ च्या अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या ग्रंथात 'ब्रोकन मेन' ही संज्ञा मध्यवर्ती आहे, आणि तिचे भाषांतर करताना चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, कारण इंग्रजीत 'ब्रोकन' म्हणजे खचलेला असाही अर्थ होतो. ग्रंथातील उपपत्ती मात्र वेगळी आहे. युद्धात पराभूत झालेल्या टोळ्यांतून जे फुटून निघाले आणि स्थिर वस्त्यांच्या कडेला राहून पहारा व राखण करू लागले, ते 'ब्रोकन मेन'. आयर्लंड आणि वेल्समधील अशाच समूहांचे दाखले तेथे दिले आहेत. ही उपपत्ती इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते हा निराळा प्रश्न. भाषांतरकाराने एवढे पाहावे की राखणीला ठेवलेली माणसे अंगबळाने कमी असणे संभवत नाही, त्यामुळे 'खचलेली', 'दुर्बल', 'गलितगात्र' हे शब्द तेथे बाद होतात. मराठीत 'तुटणे' आणि 'तोडणे' अशी सोयीची जोडी आहे. पैठणी विणणाऱ्या येवल्यात मागावरचा धागा ताणाने तुटतो, आणि काम उरकल्यावर विणकर तो तोडतो. 'तोडलेली माणसे' म्हटले तर टोळीनेच त्यांना टाकले असा अर्थ निघेल, आणि तो ग्रंथात नाही. 'तुटलेली माणसे' हाच पर्याय मला ग्राह्य वाटतो. मात्र पहिल्या प्रयोगाच्या वेळी 'टोळीपासून' हे पद त्याच्या मागे घालावे.