१८५५ : दोन ग्रंथ आणि एक निबंध

जगातील थोर ग्रंथांची प्रतवारी लावण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. सर्वांत प्राचीन कोणता, सर्वांत दुर्मिळ कोणता, कोणामुळे इतिहास बदलला. आणि हा हिशेब शेवटी नेहमीच्याच दारात जाऊन थांबतो. वेद म्हणजे आरंभ, हे कोष्टक आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात इतके पक्के बसवले गेले आहे की त्यापुढे कोणी प्रश्नच विचारीत नाही. ग्रंथ जुना म्हणजे नेमके काय जुने? रचना की प्रत? आणि ती प्रत कोणाच्या हाती पडू शकत होती?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद युनेस्कोने २००७ साली ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत केली. या सन्मानाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांपैकी काळ नोंदविलेली सर्वांत जुनी प्रत १४६४ सालची आहे. रचना तीन हजार वर्षांपूर्वीची, प्रत साडेपाचशे वर्षांची! उलट, या उपखंडातील म्हणून जी सर्वांत जुनी हस्तलिखिते आज अभ्यासकांच्या हाती आहेत ती बौद्धांची आहेत. गांधारी भाषा, खरोष्ठी लिपी, भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या, आणि त्या ठेवलेल्या मातीच्या घड्यांत. ब्रिटिश लायब्ररीला १९९४ साली मिळालेला संच इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा आहे. छापील ग्रंथांचेही तसेच. तारीख असलेला सर्वांत जुना संपूर्ण छापील ग्रंथ म्हणजे चीनमध्ये तुनह्वांगच्या गुहेत सापडलेले वज्रच्छेदिका सूत्र, इ.स. ८६८ चे. गुटेनबर्गच्या बायबलाच्या आधी सुमारे ५९० वर्षे. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे, सर्वांना फुकट वाटण्यासाठी तो करविला, अशी नोंद ग्रंथाच्या शेवटी आहे. ही नोंद मला त्या तारखेहून मोठी वाटते.

कोरड्या हवेने आणि गुहांनी या वस्तू जपल्या, हे खरे. बुद्धवचनेही आरंभी मुखोद्गतच होती, हेही खरे. तेव्हा केवळ मौखिक असणे हा वेदांचा दोष नव्हे. वेदांचे पाठांतर हा स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून सांगितला जातो. चमत्कार तो आहेच. परंतु त्या चमत्काराला पहारा होता. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले शिसे आणि लाख ओतावी, अशी शिक्षा गौतम धर्मसूत्रात आहे, आणि अद्वैताची एवढी थोरवी सांगणाऱ्या शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तिचाच आधार घेतला आहे.

पहारा फक्त वैदिकांनीच ठेवला असेही नाही. म्हाइंभटाचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. वर्णभेद नाकारणाऱ्या, स्त्रियांना संन्यास देणाऱ्या पंथाचा. पण पुढे त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले, आणि विसाव्या शतकापर्यंत मराठी वाचकाला ते दिसले नाहीत. कारणे निराळी असतील. कुलूप ते कुलूपच.

आता १८५५ सालाकडे येतो. मॅक्स म्युलर यांची ऋग्वेदाची आवृत्ती तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाने छापली जात होती. १८४९ ते १८७४ या काळात तिचे सहा खंड निघाले. त्याच १८५५ साली कोपनहेगनमध्ये फाउसबोल यांनी धम्मपदाची पाली संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील १४ वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ज्ञानोदयात छापून आला. तिचे शिक्षण अवघे तीन वर्षांचे.

ती वेदांची परीक्षा करीत बसत नाही. ती सरळ हिशेब मांडते. वेद ब्राह्मणांचेच, आमचा त्यांवर अधिकार नाही, असे म्हणता. तर मग आम्हांला धर्मग्रंथ नाही, म्हणजे धर्मही नाही, आमचा धर्म कोणता ते देवाने तरी सांगावे! तर्काची ही सरळ रेघ ओढून ती लगेच जमिनीवर येते. इमारतींच्या पायांत पुरलेली माणसे, बाजीरावाच्या राज्यात तालमीपुढून गेल्याबद्दल उडवलेली मुंडकी, छपराविना बाळंत होणाऱ्या बाया. माझ्या घरात माझ्या आधी पदवीपर्यंत कोणी पोचले नव्हते. कदाचित म्हणूनच ‘ग्रंथ नाही’ या तक्रारीचा अर्थ मला शब्दकोशात पाहावा लागला नाही.

धम्मपद त्याच वर्षी छापले गेले, हे या मुलीला कळणे शक्य नव्हते. ग्रंथ जन्मला या भूमीत, छापला गेला डेन्मार्कात, तोही लॅटिनच्या सोबतीने. तिच्या प्रश्नाचे उत्तर यायला शंभर वर्षे लागली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जळाली, आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. आमच्या समीक्षेने या दोन घटना अनेकदा जोडल्या आहेत. त्यांच्या आधी मुक्ताचा निबंध ठेवायला ती बहुधा विसरते.

ज्ञानेश्वरीशी किंवा ऋग्वेदाशी या निबंधाची काव्यगुणांत तुलना करावी असे मी म्हणत नाही. ती तुलना हास्यास्पद ठरेल. मात्र ऐतिहासिक महत्त्व ही वेगळी कसोटी आहे, आणि तिथे भाषेच्या सौंदर्याआड लपता येत नाही. मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आम्ही लोकहितवादींच्या शतपत्रांवरून थेट चिपळूणकरांवर येतो. निबंधमाला १८७४ ची आहे. मुक्ताचा निबंध तिच्या १९ वर्षे आधीचा. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तो पदवीच्या वर्गासाठी सुचवणार आहे, आणि पहिला आक्षेप ‘वाङ्मयीन मूल्या’चा येईल हे मला आजच ठाऊक आहे.