शेवटचा खिळा आणि त्याआधीचे सारे

कॅनडासारख्या अफाट उत्तरदेशातून आगगाडीने केलेला प्रवास हा प्रवासवर्णनकारांचा लाडका विषय आहे. टोरांटोहून निघणारी ‘द कॅनेडियन’ ही गाडी वाटेत चार रात्री घालवून ४,४६६ किलोमीटर दूर असलेल्या व्हँकूव्हरला पोहोचते. आँटेरिओचे खडक आणि सरोवरे, सस्कॅचेवानची सपाट गहूभूमी, जास्परजवळची रॉकी पर्वताची शिखरे आणि अखेरीस फ्रेझर नदीची खोल दरी असा हा क्रम. डब्यावरच्या काचेच्या घुमटात बसून प्रवासी तो डोळ्यांत साठवितात. आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले आज टोरांटोच्या परिसरात स्थायिक झाली आहेत. त्यांनी पाठविलेली अशी छायाचित्रे काही वाचकांनी पाहिलीही असतील.

हे सौंदर्य खरे आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ते आपल्याला दिसावे म्हणून कोणी किंमत मोजली, हा प्रश्न बहुतेक प्रवासवर्णने विचारीत नाहीत. कॅनडाच्या साहित्यात तो दोन कवींमध्ये उभा राहिला. त्या दोघांच्या कवितांचा परामर्श घेण्याचा येथे विचार आहे.

पहिले कवी ई. जे. प्रॅट (१८८२–१९६४). मेथडिस्ट पंथाची पाळकीय दीक्षा घेतलेले हे गृहस्थ पुढे टोरांटो येथे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. त्यांचे ‘टुवर्ड्स द लास्ट स्पाइक’ हे दीर्घकाव्य १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. विषय कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या उभारणीचा. ब्रिटिश कोलंबिया हा पश्चिम किनाऱ्यावरील प्रांत १८७१ मध्ये संघराज्यात आला, तो दहा वर्षांत रेल्वे मिळेल या वचनावर. वचन वेळेवर पाळले गेले नाही. अखेर ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाकी येथे डोनाल्ड स्मिथ यांनी शेवटचा खिळा ठोकला. त्यांचा पहिला खिळा वाकला आणि दुसरा घ्यावा लागला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

प्रॅट यांची प्रतिभा येथे पूर्ण बहरात आहे. निर्यमक छंदाची संथ, भरदार चाल रुळांच्या लांबीला शोभून दिसते. ब्रिटिश कोलंबिया त्यांना एका मानिनी स्त्रीसारखी दिसते आणि पंतप्रधान मॅक्डोनाल्ड तिची मनधरणी करतात. उत्तरेकडील प्राचीन खडकांचे पठार म्हणजे युगानुयुगे निजलेली एक प्रचंड सरडी. माणसाचे सुरुंग तिची झोप मोडतात. निसर्गाला केवळ देखावा न मानता प्रतिस्पर्धी मानणारी ही दृष्टी कोणत्याही प्रवासवर्णनापेक्षा सखोल आहे. राजकारणी, व्यवस्थापक आणि भांडवलदार यांची चित्रेही ठसठशीत आहेत.

आणि नेमके येथेच काव्य उणे पडते. ब्रिटिश कोलंबियातील सर्वांत अवघड टप्पा अँड्र्यू ऑन्डरडंक या कंत्राटदाराकडे होता. १८८० ते १८८५ या काळात तेथे सुमारे १५,००० चिनी मजूर राबले. मजुरी दिवसाला सुमारे एक डॉलर, गोऱ्या मजुरांपेक्षा कमी. सुरुंगांचे स्फोट, कोसळणाऱ्या दरडी, थंडी आणि आजार यांनी निदान सहाशे जणांचा बळी घेतला असे मानले जाते. प्रॅट यांच्या काव्यात वीरपदाचा मान मात्र आज्ञा देणाऱ्यांकडे जातो.

एफ. आर. स्कॉट (१८९९–१९८५) हे कवी आणि कायद्याचे प्राध्यापक. एका अँग्लिकन धर्मगुरूचे हे पुत्र. त्यांनी प्रॅट यांना कवितेतूनच उत्तर दिले. ‘ऑल द स्पाइक्स बट द लास्ट’ हे तिचे शीर्षकच अर्धी टीका करून जाते: शेवटचा खिळा तुम्ही गायिलात, बाकीचे कोणी ठोकले? ते हजारो चिनी मजूर या काव्यात कोठे आहेत, आणि काम संपल्यावर त्यांना या देशात कोणते स्थान मिळाले, एवढेच स्कॉट विचारतात. इतिहासाचे उत्तर कठोर आहे. खिळा ठोकला गेला त्याच १८८५ साली कॅनडाने चिनी स्थलांतरितांवर माणशी पन्नास डॉलरचा कर बसविला. १९०३ पर्यंत तो पाचशेवर गेला. १९२३ च्या कायद्याने तर दार जवळजवळ बंदच केले. तो कायदा १९४७ मध्ये रद्द झाला. या कराबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २००६ साली.

प्रॅट यांना दुःखितांविषयी आस्था नव्हती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. संत जाँ द ब्रेबफ आणि त्यांचे येशूसंघीय सहकारी यांच्या हौतात्म्यावर १९४० मध्ये त्यांनीच एक दीर्घकाव्य लिहिले. एका मेथडिस्ट कवीने कॅथलिक हुतात्म्यांना वाहिलेली ती आदरांजली होय. यातना ज्याला इतक्या जवळून दिसल्या, त्याला दरडीखाली गाडलेला मजूर का दिसू नये? आमच्या मते दोष काव्यप्रकाराच्या रूढीत आहे. महाकाव्य नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीराला शोधते. ब्रेबफ यांचे नाव ख्रिस्तसभेने जपले होते, मजुरांची नावे जपणारे कोणी नव्हते.

दोष केवळ कवींनाच द्यावा, असेही नाही. १८८३ मध्ये रूळ ब्लॅकफूट जमातीच्या राखीव भूमीवर आले, तेव्हा ऑब्लेट संघाचे फादर लाकोंब यांनी मुखिया क्रोफूट यांच्याशी बोलणी करून संघर्ष टाळला. कंपनीने कृतज्ञतेपोटी फादरांना तासाभरासाठी आपले अध्यक्षपद दिले. पुढे क्रोफूट यांना आजन्म प्रवासाचा पास मिळाला. रक्तपात टळला हे पुण्यच. तरी ज्याच्या भूमीतून गाडी गेली त्याच्या हाती केवळ पास राहावा, हे आम्हां धर्मगुरूंनाही विचारात पाडणारे आहे.

स्कॉट यांच्या कवितेलाही मर्यादा आहे. ती प्रश्न चोख विचारते, पण तिच्यातही मजूर बोलत नाही. तो संख्या म्हणूनच उरतो. म्हणून एक कविता स्वीकारून दुसरी टाकून द्यावी, असा निवाडा आम्ही देत नाही. दोन्ही एकत्र वाचाव्यात. प्रॅट यांच्याकडून खडकाची भव्यता घ्यावी, स्कॉट यांच्याकडून तो खडक फोडणाऱ्याची आठवण.

‘द कॅनेडियन’ जानेवारी १९९० पासून त्या जुन्या मार्गाऐवजी उत्तरेकडील मार्गाने धावते. क्रेगेलाकी आता तिच्या वाटेवर नाही. तथापि फ्रेझरच्या दरीत दोन्ही लोहमार्ग नदीच्या दोन काठांनी समोरासमोर जातात. शिवाय या प्रवासात मालगाडीला वाट देण्यासाठी गाडी अनेकदा बाजूच्या रुळावर थांबते आणि प्रवासी कंटाळतात. दरीतील ते सुरुंगाने कापलेले कडे नीट न्याहाळण्यास एवढा अवकाश पुरेसा आहे. आपल्या मुलांनी तेथून अवश्य छायाचित्रे पाठवावीत. त्यांसोबत त्या कड्यांवर राबलेल्या माणसांविषयी दोन ओळीही लिहाव्यात, एवढीच आमची अपेक्षा.