मुखवट्याआडचा दंडनायक : ‘डोगा’ चित्रकथामालेच्या आकर्षणाची चिकित्सा

मराठी समीक्षेने चित्रकथेकडे गांभीर्याने पाहिलेले नाही. रहस्यकथेचीही उपेक्षा झाली; पण ती निदान ‘वाचली’ जाते हे मान्य होते. चित्रकथा केवळ ‘पाहिली’ जाते, असा समज कायम राहिला. आज अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या पट्ट्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी ‘डेथ नोट’सारख्या जपानी चित्रकथामाला मोबाइलवर वाचतात. सूड, मृत्यू आणि अंधार यांनी भरलेल्या या कथा त्यांना का भावतात, हा प्रश्न शिक्षक-कक्षात निघतो आणि ‘परकीय खूळ’ या उत्तरावर मिटतो. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. या आकर्षणाला एक देशी पूर्वज आहे, आणि त्याची कथा मुंबईतच घडते. राज कॉमिक्सची ‘डोगा’ ही हिंदी चित्रकथामाला हा तो पूर्वज होय.

राज कॉमिक्स ही दिल्लीची प्रकाशनसंस्था. १९८६ मध्ये तिने ‘नागराज’ आणला, त्यापाठोपाठ ‘सुपर कमांडो ध्रुव’. ध्रुव हा बुद्धिबळावर विसंबणारा, कोणाचाही जीव न घेण्याचे व्रत पाळणारा नायक आहे. १९९२ मध्ये ‘कर्फ्यू’ या अंकातून डोगा अवतरला तेव्हा या व्रताची नेमकी उलटी बाजू वाचकासमोर आली. संजय गुप्ता, तरुणकुमार वाही आणि चित्रकार मनु यांनी घडवलेला हा नायक गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या हवाली करत नाही. तो त्याला ठार करतो. समस्या सोडवायची नाही, मुळापासून उपटायची, ही त्याची भूमिका.

डोगाची जन्मकथा येथे महत्त्वाची आहे. कचऱ्यात टाकून दिलेले अर्भक डाकू हलकानसिंगच्या हाती लागते. हलकान त्याला माया म्हणून वाढवत नाही, पोलिसांच्या गोळ्यांपुढे धरण्याची ढाल म्हणून वाढवतो आणि कुत्र्यासारखे वागवतो. मोठेपणी हाच मुलगा सूरज या नावाने मुंबईत येतो. तेथे अदरक चाचा आणि त्यांचे हल्दी, धनिया, कालीमिर्च हे भाऊ त्याला व्यायाम व युद्धविद्या शिकवतात. गुरूंना स्वयंपाकघरातील मसाल्यांची नावे देण्यात जो मिश्कीलपणा आहे, तो या काळोख्या मालेत फार थोड्या ठिकाणी आढळतो. नायकाला जात नाही, गाव नाही, आईबापांचे नाव नाही. शिकवणारे खान आहेत. कर्फ्यूच्या सावटाखालच्या शहरात असा नायक कोणत्याही वस्तीतील वाचकाला आपला म्हणता येतो. पुढे ‘डोगा हिन्दू है’ या नावाचा अंक निघाला. नायकाच्या धर्माचा प्रश्न आपण मोकळा ठेवला आहे, याची निर्मात्यांना पुरती जाणीव होती, हे त्या शीर्षकावरूनच कळते.

ही मुंबई दिल्लीहून कल्पिलेली आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि एका बाबतीत कल्पना अचूक उतरली आहे. डोगा गटारांतून हिंडतो, भटकी कुत्री त्याची हेर असतात. शहर वरून न दाखवता खालून दाखवण्याची ही युक्ती उपनगरातील वाचकाला पटते, कारण त्याच्या वाट्याला येणारे शहर समुद्रकिनाऱ्यावरचे नसते. ते नाल्याकाठचे, रुळांलगतचे असते.

डोगा अवतरला तो काळही ध्यानात घ्यावा. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत माया डोळस, दिलीप बुवा यांच्यासह सात जण ठार झाले. दिवसाउजेडी, रहिवाशांच्या डोळ्यांदेखत हे घडले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ रोजी बॉम्बस्फोट झाले. १९९५ ते १९९७ या काळातील ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यू यांविषयीचे प्रकरण न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासाबाबत १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तेव्हा डोगाचा वाचक जे पानावर पाहत होता त्याचेच दुसरे रूप सकाळी वृत्तपत्रात वाचत होता. चित्रकथेने हिंसा शिकवली असे म्हणणाऱ्यांनी आधी हा क्रम तपासावा.

मग आकर्षण कशात आहे? केवळ रक्तपातात असते तर इतर कितीतरी माला तितक्याच टिकल्या असत्या. प्रस्तुत लेखकाच्या मते ते चित्रकथेच्या रचनेतच आहे. दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते तिच्यात काळ गिळला जातो. एका चौकटीत अपराध घडतो, दुसऱ्या चौकटीत डोगा उभा असतो. मधली फिर्याद, पंचनामा, आरोपपत्र, तारखांवर तारखा हे सारे त्या बोटभर जागेत नाहीसे होते. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या घरातील वाचकाला या वेगाने जे सुख मिळते ते खोटे नाही. त्याला हिंस्रपणा म्हणून झिडकारणे म्हणजे त्या वाचकाचे दुखणे न ऐकणे होय.

परंतु या सुखासाठी माला एक गोष्ट गृहीत धरते आणि तेथेच तिची मर्यादा आहे. खलाचा अपराध चित्रकाराने त्याच्या चेहऱ्यावर आधीच काढून ठेवलेला असतो. त्याचा जबडा, डोळे, हसणे पाहून वाचकाला शंका उरत नाही. चुकीचा माणूस मारला गेला, ही शक्यता चित्रातच खोडलेली असते. बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाडशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. काळापहाडही कायद्याबाहेरचा, दुर्जनांना लुटून गरिबांना देणारा. पण तेथे रंगत मुख्यतः चकव्याची आणि वेषांतराची असते. डोगात मृत्यू हाच कथेचा शेवट आणि वाचकाचे समाधान दोन्ही असतो.

‘डेथ नोट’ नेमके हेच गृहीतक मोडते. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही माला २००३ ते २००६ या काळात जपानी साप्ताहिकातून १०८ प्रकरणांत प्रसिद्ध झाली. लाइट यागामी हा हुशार विद्यार्थी ज्या वहीत नाव लिहिले की माणूस मरतो अशा वहीने गुन्हेगार संपवू लागतो. येथवर तो डोगाचाच जपानी भाऊ आहे. पण कथेच्या प्रारंभीच दूरचित्रवाणीवर एक जण त्याला दुष्ट म्हणतो आणि लाइट तत्क्षणी त्याचे नाव लिहितो. त्या माणसाचा कोणताही गुन्हा लाइटला ठाऊक नसतो. अपमान एवढाच त्याचा अपराध. तो फाशीची शिक्षा झालेला कैदी होता आणि आपल्याला सापळ्यात ओढण्यासाठी त्याला पुढे केले होते, हे लाइटला नंतर कळते. लाइटचा चेहरा मात्र आरंभापासून देखणाच काढला आहे. चेहरा पाहून अपराध ओळखण्याची वाचकाची सवय येथे उपयोगी पडत नाही. शिवाय त्याच्या मागावर असलेला ‘एल’ हा अन्वेषक तितकाच बुद्धिमान आणि वाचकाला तितकाच प्रिय होतो. डोगाला असा प्रतिवादी मिळाला नाही, हे त्याच्या निर्मात्यांचे मोठे न्यून मानावे लागते. ध्रुव त्याच घरात असूनही त्याच्या व्रताचा प्रश्न डोगाच्या वाचकाला आतून बोचेल अशा रीतीने मांडला गेला नाही.

हा केवळ वाङ्मयीन मुद्दा नव्हे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला वाशीहून उचलण्यात आले आणि त्याच दिवशी अंधेरीत वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ तो चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याच्यावर गुन्हे दाखल होते; चित्रकाराने त्याचा चेहरा कसा काढला असता हे सांगायला नको. व्यवसायाने वकील असलेल्या त्याच्या भावाने मृत्यूची बातमी येण्यापूर्वीच भावाला पळवून नेल्याचे कळवणाऱ्या तारा अधिकाऱ्यांना केल्या होत्या. पुढे वर्षानुवर्षे तो न्यायालयात लढला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतील बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली. तार आणि निकाल यांच्यात जवळपास सात वर्षे गेली. डोगाच्या पानावर ही सात वर्षे कोऱ्या पट्टीत गेली असती आणि हातात तारेची पावती घेतलेला भाऊ कोणत्याच चौकटीत आला नसता.

डोगाचा एखादा अंक, ‘डेथ नोट’चे आरंभीचे प्रकरण आणि या खटल्याचे निकालपत्र पदवीच्या वर्गात एकत्र वाचायला घेता येईल. पहिल्या तासाला बहुतेक विद्यार्थी डोगाच्याच बाजूने बोलतील, याची तयारी शिक्षकाने ठेवावी.