बेणारेबाईंचा खटला आणि आपली चौकशी समिती

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे नाटक बहुधा कुमारी मातेची शोकांतिका म्हणून वाचले जाते. महाविद्यालयीन शिक्षकाने मात्र ते चौकशीचा नमुना म्हणून वाचावे, असे आमचे मत आहे. (हिंदीत ते 'खामोश! अदालत जारी है' या नावाने आहे. तेव्हा इंदूरच्या अमराठी सहकाऱ्यांचीही अडचण नाही.)

लीला बेणारे ही शिक्षिका. वेळ घालवायला मांडलेल्या खोट्या खटल्यात ती आरोपी होते आणि खेळ बघता बघता खरा होतो. प्रश्न तिच्या वयाचे, लग्न न झाल्याचे. नोकरी तिची जाते, गैरहजर प्रा. दामल्यांवर आरोपही नाही. कोवळ्या वयात मामाने घेतलेला गैरफायदा तिच्याच चारित्र्याविरुद्ध पुरावा ठरतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा मामा गुन्हेगार आहे, आणि माहीत असून न कळविणारा शिक्षकही.

शेवटचे प्रदीर्घ स्वगत काहींना नाटकी वाटते. आम्हांस तोच नाटकाचा कणा वाटतो. ती बोलते तेव्हा कोर्ट गोठलेले असते. तिची बाजू कामकाजात येतच नाही.

विशाखा निकालानंतर (१९९७) आलेल्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीत निम्म्या तरी स्त्रिया, बाहेरचा एक जाणकार सदस्य आणि गोपनीयता बंधनकारक केली. यातला 'जाणकार' शब्द महत्त्वाचा. नाटकातही बाहेरचा एक जण आहे, भोळा सामंत. तो हातातल्या कादंबरीतून साक्ष देतो.